चष्म्यांचा कंडक्टर

दहाव्याला घाटावर माणसं कावळ्याची वाट बघत उभी असायची, आणि कावळ्याच्या आधी ते यायचे. खाकी पँट, वर धुऊन धुऊन पिवळा पडलेला सदरा, खांद्याला एसटीतली जुनी चामडी पिशवी. कुणाशी बोलणं नाही, कुणाच्या पाठीवर हात ठेवणं नाही. पिंडाला कावळा शिवला, मंडळी चपला शोधायला लागली, की मयताच्या थोरल्या मुलापाशी जाऊन हळू आवाजात विचारायचे, "चष्मा ठिवलाय का जाळला?"

बारामती-इंदापूर रस्त्यावर त्यांना ओळखत नाही असं घर नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी त्याच मार्गावरच्या गाडीत काढली होती. निवृत्त होऊन वरकुट्याला घरी बसले तरी नाव कंडक्टरच राहिलं. मी त्यांना कंडक्टरबाबा म्हणायचे. दहाव्याला ते दिसले की बायका पदर सावरून बाजूला सरायच्या. "आलं गिधाड," असं एका बाईला म्हणताना मी स्वतः ऐकलंय. आणि घरी गेल्यावर त्याच बाईनं कोनाड्यातला चष्मा काढून त्यांच्या हातावर ठेवलेलाही बघितलाय. मेलेल्याचं धोतर कुणाला तरी देता येतं. काठी कुंपणाला लागते. चष्म्याचं काय करायचं? डोळ्याला लावायला नको वाटतं आणि उकिरड्यावर टाकायला हात होत नाही.

त्यांना एकाच जातीचा चष्मा हवा असायचा. कुठला, ते सांगते. सांगायलाच हवं, कारण मला त्याची चीड आहे आणि ती अजून उतरलेली नाही.

माणसाच्या डोळ्यात जन्मापासून एक भिंग असतं. वयानं ते गढूळ होत जातं, शेवटी ताकासारखं पांढरं होतं. तोच मोतीबिंदू. ऑपरेशन करायचं म्हणजे हे गढूळ भिंग काढून टाकायचं. ठीक. पण त्या रिकाम्या जागेत काय? ज्याच्या खिशात आहे त्याच्या डोळ्यात डाळीएवढं नवं भिंग बसवतात. तो महिन्याभरात स्कूटरवर दिसतो. आणि शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपवून ज्याचं शिबिरात ऑपरेशन व्हायचं, त्याच्या डोळ्यात काहीच बसवत नसत. जागा मोकळी सोडायची आणि नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचा. सगळ्यांना एकाच नंबरचा, एकाच काळ्या फ्रेमचा, जत्रेत प्रसाद वाटावा तसा. त्यातून तांब्या मोठा दिसतो, म्हणून जवळ वाटतो, म्हणून हात हवेत पडतो. बाजूनं चालत येणारा माणूस मधेच गडप होतो आणि एकदम छातीपाशी उगवतो. ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं दचकून ओरडतात, आणि घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला भुतं दिसायला लागली. भुतं कसली! फुकटात उरकलेलं काम आहे ते.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडून बारामतीत आमच्या संघटनेच्या कचेरीत पत्रकं लिहायला बसत होते. "भिंग डोळ्यात हवं, नाकावर नको!" ही घोषणा माझी. "मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका, पिकायला तो आंबा नाही," हेही माझंच. आमचं ठरलं होतं की असे जाड चष्मे गोळा करायचे आणि ज्यांनी ते वाटले त्यांच्या फाटकासमोर ढीग घालायचा. चष्मे कुठं मिळतील म्हणून विचारलं तर सगळ्यांनी एकच पत्ता दिला.

वरकुट्याला उतरले तेव्हा भर दुपार होती. रस्त्याला लागूनच घर, पुढं झाडून सारवलेलं अंगण, आणि अंगणाच्या कडेला त्यांची खोली. खोलीला खिडकी नाही, एकच दार. मी दारात पाऊल ठेवलं आणि आतून आवाज आला, "दारातच थांब. हलू नको. बघून होऊ दे त्यांचं."

उन्हातून आल्यामुळं मला आधी काही दिसेना. मग समोरची चुन्याची भिंत दिसली. भिंतीवर बोटाबोटाएवढी दारं होती. ओळीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झगझगीत उजेडाची, आणि सगळी उलटी. प्रत्येक दारात एक बाई डोकं खाली, पाय वर करून लटकत होती. मी हात उचलला. सगळ्या बायकांनी हात खाली सोडला.

शाळेत बहिर्गोल भिंग शिकलेल्या कुणालाही यात काही नवल वाटायचं कारण नाही. भिंतीपासून अर्ध्या वितीवर एक दोरी ताणलेली होती, आणि दोरीला सगळे चष्मे टांगलेले होते. दाराचा उजेड काचांतून जाऊन मागच्या भिंतीवर पडत होता. विषय संपला. मी मनाशी तो तिथंच संपवला, तरी मानेवर काटा आला तो आलाच.

"बस आता," ते म्हणाले. "झालं बघून. काय काम काढलं?"

त्यांनी माझ्याकडं तोंड केलं. त्यांच्याही डोळ्यांवर तसाच चष्मा. उजवा डोळा काचेमागं बशीएवढा झालेला आणि माशासारखा हलणारा. डावा काचेमागं तेवढाच मोठा, पण पांढरा. पिकून पार ताक झालेला.

दोरी साधी नव्हती. एसटीत छताला घंटीची दोरी असते तशीच ती भिंतीवरून फिरवून दारापाशी आणलेली होती आणि टोकाला पितळी घंटी. चष्मे स्टॉपांच्या क्रमानं लावलेले. बारामतीचे आधी, मग भवानीनगर, लासुर्णे, निमगाव, शेवटी इंदापूर. पणदऱ्याचे चष्मे वेगळ्या खुंटीला, कारण "पणदऱ्याची गाडी माझ्याकडं कधी नव्हती." बोलताना त्यांच्या हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा असायचा. विचार करायला लागले की चिमटा वाजायचा. कट कट, कट कट.

मी माझं भाषण केलं. अन्याय, शिबिर, ढीग, फाटक. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुझं बरुबर हाय," ते म्हणाले. "पर परवाशी मी कुनाला देत न्हाय."

"प्रवासी?"

"मग काय!"

मग त्यांनी पहिला चष्मा दाखवला. त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन शिबिरात झालं, तेव्हा शेजारच्या सतरंजीवर भवानीनगरकडचे एक तात्या होते. दोघांच्या डोळ्यांवर पट्ट्या. आंधळ्या अवस्थेत त्यांची दोस्ती झाली. तात्यांनी मळ्यात नवी विहीर पाडली होती, तिला पाणी लागलं होतं, पण पाणी लागेस्तोवर तात्यांची नजर गेली होती. पट्ट्या सुटल्या, चष्मे मिळाले. तात्यांनी चष्म्यातून शाळेचं छत बघितलं, नर्सबाई बघितली, स्वतःचे हात उलटे-सुलटे करून बघितले. दोघं एकाच एसटीत बसले. भवानीनगरच्या अलीकडं तात्यांनी मान टाकली.

"तिकीट काढलेलं व्हतं," कंडक्टरबाबा म्हणाले. "खिडकीत बसवलं व्हतं मी त्यान्ला. स्टॉप आला न्हाय. तिकीट काढलेल्या मानसाला मधी उतरवत न्हायती, पोरी."

दहावा झाल्यावर ते तात्यांच्या मळ्यात गेले, स्वतःचा चष्मा खिशात ठेवला, तात्यांचा लावला, आणि विहिरीच्या काठावर उभं राहून पाणी बघितलं. वरून बघितलं, मग पायऱ्या उतरून बघितलं. घरचे लांबून बघत होते. तिथून सुरुवात झाली. कुणाचं बघायचं काय राहिलंय ते विचारायचं, चष्मा न्यायचा आणि दाखवून आणायचं. सगळे एकाच नंबरचे, त्यामुळं कुणाचाही त्यांना चालायचा.

"म्हणजे आत्मा मानता तुम्ही," मी म्हणाले. वाद घालायला मला आवडतं.

त्यांच्या घरात देव नव्हते. छप्पन सालानंतर त्यांच्या वडलांनी नदीत सोडले होते, आणि याबाबतीत ते माझ्यापेक्षा कडक होते. "आत्माबित्मा काय नस्तंय," ते जवळजवळ चिडून म्हणाले. "मानूस मेला की संपला. फकस्त बघायचं ऱ्हायलेलं तेवढं संपत न्हाय. ते काय आत्मा हाय का? ते काम हाय. पेंडिंग काम."

निघताना त्यांनी मला सांगितलं, "तू जाशील ती एकदम जात न्हाईस. आमी हितनं बघतो. ज्येचा चष्मा तो तेवढा त्येच्यात दिसत न्हाय, तो बघनारा. आधी ह्या चष्म्यातनं जातीस, मग शेजारच्यातनं, मग त्येच्या पलीकडच्यातनं. कोपऱ्यातल्यात सगळ्यात शेवटपर्यंत दिसतीस. आन् मग मी इचारतो."

"काय?"

त्यांनी खोलीकडं तोंड करून, चालत्या गाडीत मारतात तशी हाक मारली, "ऱ्हायलंय का कुनी?" थोडं थांबले. उत्तर नाही. मग त्यांनी दोरी दोनदा ओढली. टण टण. सगळे चष्मे हलले, भिंतीवरची सगळी दारं हलली. मी स्टॉपावर येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

चष्मे मिळाले नाहीत तरी मी जात राहिले. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

पणदऱ्याच्या एका लग्नाला त्यांनी मला बरोबर नेलं होतं. नवरीचे आबा शिबिरात ऑपरेशन झाल्यावर थोड्याच महिन्यांत गेले होते. नातीचं लग्न बघायचं राहिलं. घरच्यांनी स्वतः निरोप धाडला होता, "आबांना घेऊन या." ज्या घराच्या ओसरीवर कंडक्टरबाबांच्या वडलांना कुणी चढू दिलं नसतं, त्याच घरच्या मांडवात त्यांना पुढची खुर्ची, खांद्यावर टॉवेल, कपाळाला गंध. गंध त्यांनी पुसलं. खुर्चीवर बसून आबांचा चष्मा लावला.

मांडवात एकदम आवाज कमी झाला. काचेमागचे ते मोठे डोळे घरच्यांनी ते थोडे महिने रोज जेवताना समोर बघितलेले होते. नवरी पाया पडायला आली. ते तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आजीवानी पाय टाकती. डावा जरा बाहीर."

नवरीची आई मटकन खाली बसली. आजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

परतीच्या गाडीत मी त्यांना धरलं. "तुम्ही आजीला कधीतरी गाडीत बघितलं असणार."

"पणदऱ्याची गाडी माझ्याकडं कधी नव्हती," ते म्हणाले, आणि चिमटा वाजवत बसले.

मग डावा डोळा ठणकायला लागला. पिकून पिकून मोतीबिंदू फुगला होता. मी त्यांना ओढतच बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. त्याआधी आम्ही त्या दवाखान्याशी भांडून गरिबांसाठी भिंगं मिळवली होती आणि पहिलं नाव मी कंडक्टरबाबांचं घातलं होतं. पत्रकावर त्यांचा फोटो छापायचा होता, नव्या डोळ्यासकट, चष्म्याशिवाय.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "आठवड्याच्या आत करायला हवं. डोळ्यातला दाब वाढतोय. थांबलात तर नस जाईल, मग भिंगही नाही आणि चष्माही नाही. आता ऐका. उजव्या डोळ्यात तुमच्या भिंग नाही. शिबिरात आतलं पिशवीसकट काढलंय, आता तिथं भिंग टेकवायला आधार नाही. डावा मात्र कोरा आहे. त्यात बसवता येईल. छान दिसेल. पण मग हा जाड चष्मा सोडायचा."

"का बरं?" मी विचारलं.

"उजव्याला चष्म्यातून मोठं दिसणार, डाव्याला आहे तेवढंच. दोन मापं मेंदूला जुळवता येत नाहीत. एका माणसाचे दोन दिसतील. चक्कर येईल, पायरी चुकेल. भिंग घेतलं तर डाव्यानंच बघायचं, उजव्याचा नाद सोडायचा."

"आन् भिंग न्हाय घेतलं तर?"

"मग दोन्ही डोळे चष्म्यावर. आज चाललंय तसंच चालेल."

"तसंच चालेल?" मी उसळले. "मॅडम, तसंच चालू नये म्हणून तर—"

"डोळा कुणाचा आहे?" बाईंनी मला विचारलं. मग कंडक्टरबाबांकडं वळल्या. त्या पुढं म्हणाल्या, "आणखी एक. भिंग एकाच अंतराचं असतं. लांबचं घेतलं तर वाचायला साधा चष्मा लागतो. जवळचं घेतलं तर लांबचं पुसट. तुम्हाला जास्त काय बघायचं असतं?"

"दारात उभा ऱ्हायलेला मानूस," कंडक्टरबाबा म्हणाले, "तो लांब धरायचा का जवळ?"

"लांब."

"मग लांबचं. घेतलं तर."

बाहेर पायऱ्यांवर आम्ही भांडलो. येणारे-जाणारे बघत होते.

"ह्यान्ला कोन फिरवनार?" ते म्हणाले. "भिंग घातलेल्याला ह्या चष्म्यातनं दिसत न्हाय. तुला तर न्हायच न्हाय, तुझं तुझ्यापाशी हाय. आन् तू आता समद्यान्ला भिंगं बसवत सुटलीस. तुझं काम झालं की ह्यातनं बघनारा मानूस तालुक्यात उरायचा न्हाय."

"उरायलाच नको! एकही उरायला नको!"

"ते बरुबरच हाय," ते शांतपणे म्हणाले. "पर मग ह्यान्ला कोन बघनार?"

"मेलेल्यांसाठी जिता डोळा घालवणार का बाबा तुम्ही?"

कट कट. कट कट. बराच वेळ चिमटा वाजत राहिला. डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, ते पुसत नव्हते.

"गाडी सोडायची तर कंडक्टरला चार्ज द्यावा लागतो. तू घेतीस का?"

"मला त्यातून दिसत नाही, म्हणालात ना."

"दिसायचं नको. मी गेल्यावर उजेडात टांगायचे. दारासमोर. त्यांचं ते बघत्याल."

"घेते," मी म्हणाले. त्या क्षणी त्यांनी मला वरकुट्याची सगळी गाडी ओढायला सांगितली असती तरी मी हो म्हणाले असते. मला ते आत जाऊन टेबलावर झोपलेले हवे होते.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

काही आठवड्यांनी मी फोटोग्राफरला घेऊन वरकुट्याला गेले. दारात उभी राहिले. भिंतीवरची दारं निम्मी झाली होती. आधी एकेका चष्म्याची दोन असायची, आता एकच. मग ते दिसले. डोळ्यांवर कुणाचा तरी जाड चष्मा होता. उजवी काच जागेवर, डावीकडं नुसती फ्रेम. सगळ्या चष्म्यांच्या डाव्या काचा त्यांनी पेचकसानं काढून टाकल्या होत्या. काचेमागं एक डोळा बशीएवढा आणि शेजारी, रिकाम्या फ्रेमीत, एक साधा माणसाचा डोळा. कपाळावर पडल्याची जखम. फोटोग्राफर दारातूनच मागं सरकला.

"या, या," ते लहान मुलासारखे हसले. "दोघी आलाय. एक मोठी, एक बारकी. मोठी जरा निळी हाय."

"बाबा, हे काय केलंत? बाईंनी सांगितलं होतं!"

"सांगितलं तसंच झालं! समद्यांची जोडी दिसती. मोठा त्यांचा, बारका माझा. आजवर एकतर त्यांनी बघायचं न्हायतर मी. आता संगंच बघतो."

"पडाल हो कुठंतरी. पडलाच आहात."

"कंडक्टरला कोन सांगतंय!" ते म्हणाले. "सारी नोकरी मी हलत्या जमिनीवर हुबा व्हतो."

त्यांची सून चहा घेऊन आली आणि माझ्या कानाशी लागली, "ताई, मामांचं काय खरं न्हाय. परवा रिकाम्या अंगणात कुनाला तरी 'पुढं सरका' म्हनत व्हते."

त्यानंतर एकदा आम्ही भवानीनगरच्या स्टॉपावर बसलो होतो. उसाच्या गाड्या चालल्या होत्या, माणसांची वर्दळ होती. त्यांच्या डोळ्यांवर तात्यांचा चष्मा होता, तो विहीरवाल्यांचा. एकेकाकडं बघून ते पुटपुटत होते, "जोडी हाय. जोडी हाय. ह्या बाईची पन जोडी." खेळ चालला होता, मला हसूच येत होतं. मग ते पलीकडच्या बाकाकडं बघून थांबले.

"ह्येला जोडी न्हाय."

"कुणाला?"

"त्या बाकावरच्याला. मोठा हाय. बारका न्हायच." त्यांनी उजवा डोळा मिटला. "आता बाक मोकळाय." उजवा उघडून डावा मिटला. "आता बसलाय."

बाक रिकामा होता. पण गर्दी एवढी असून तिथं कुणी बसत नव्हतं. लोक येत होते, बाकापाशी थांबत होते आणि उभेच राहत होते. गाडी आली तेव्हा कंडक्टरबाबांनी बाकाकडं बघून मान हलवली, हातानं "या" केलं, आणि कुणीतरी आधी चढावं म्हणून दारात थोडं थांबले.

मेंदू दोन मापं जुळवू शकत नसेल तर तो काय काय रचेल, याचं उत्तर डॉक्टरीणबाईंकडं असेल. मी विचारलं नाही. मला भीती होती की त्या म्हणतील, माहीत नाही.

शेवटची भेट थंडीतली. मी दारात उभी राहिले तरी ते "बस" म्हणेनात. नुसते बघत राहिले. एक डोळा मोठा, एक लहान.

"काय झालं बाबा?"

"आज एकलीच आलीस."

मी रागानं म्हणाले, "चेष्टा करू नका."

ते अंगणाकडं, माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिले. मग सुटल्यासारखे हसले. "हां. आली बारकी. मागं ऱ्हायली व्हती. बस, बस."

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. पडून नाही, ठेचाळून नाही. झोपेत. डावा डोळा शेवटपर्यंत स्वच्छ होता, हे मी त्यांच्या जलदानाच्या दिवशी जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, कारण तोवर लोकांत उठलं होतं की भिंगानं म्हातारा वेडा झाला. दहाव्याच्या घाटावर त्यांच्यासमोर मान फिरवणारी पुष्कळ माणसं आली होती. प्रत्येक जण दारात क्षणभर थांबत होता, बघून होऊ द्यावं तसा.

सुनेनं चामडी पिशवी माझ्या हातात दिली. "मामा म्हनले व्हते, ताईनं चार्ज घेतलाय."

वर त्यांचा स्वतःचा चष्मा होता. चिमटा होता. घंटी होती. खाली दोरी आणि बाकीचे सगळे चष्मे.

आमच्या कचेरीत मी ती दोरी दारासमोरच्या भिंतीवर लावली. अर्ध्या वितीवर. स्टॉपांच्या क्रमानं. त्यांचा चष्मा सगळ्यात शेवटी, इंदापूरच्या टोकाला. सहकारी हसले, मग त्यांनाही सवय झाली. येणाऱ्या माणसाला भिंतीवर आपण उलटे दिसतो, मग तो विचारतो, मग मी सांगते की हे चष्मे का दिले गेले आणि ते का द्यायला नको होते. कुठल्याही पत्रकापेक्षा ते चांगलं काम करतं. आता इकडच्या शिबिरांत भिंगं बसवतात. जाड चष्मा मागितला तरी कुणाच्या घरात मिळत नाही. आम्हाला हेच हवं होतं. मला हेच हवं आहे, यात काडीचा बदल नाही.

परवा सकाळी मी भिंतीकडं तोंड करून पत्रकाची प्रुफं तपासत होते. शेजारी आमचा एक कार्यकर्ता गठ्ठे बांधत होता. दाराशी ऊन आलेलं होतं, भिंतीवर सगळी छोटी दारं लख्ख पडली होती. रिकामी. मी मान वर केली तेव्हा बारामतीच्या टोकाच्या पहिल्या दारात एक उलटा माणूस उभा होता. तो तिथं थोडा थांबला. मग दुसऱ्या दारात गेला, पहिलं रिकामं झालं. दुसऱ्यात थांबला. मग तिसऱ्यात. एकेका आसनापाशी थांबून तिकीट तपासत मागं जावं तसा तो सरकत गेला. भवानीनगर झालं, लासुर्णे झालं, निमगाव झालं. इंदापूरच्या शेवटून दुसऱ्या दारात तो बराच वेळ उभा राहिला. शेवटच्या दारात, कंडक्टरबाबांच्या स्वतःच्या चष्म्यात, मात्र तो आला नाही. ते दार रिकामंच राहिलं.

मी वळून खऱ्या दाराकडं बघितलं. ऊन होतं. उठून बाहेर जाऊन बघितलं. जिना मोकळा होता.

"कोण आलं होतं रे?" मी विचारलं.

"कुणी नाही," गठ्ठ्यातून मान वर न करता तो म्हणाला. "का गं?"

मी आत आले, भिंतीसमोर उभी राहिले, आणि दोरी दोनदा ओढली.